हात बसेपर्यंत

मातीकाम शिकायला आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात कधीतरी विचारतो, ‘मला जमेल का हो?’ वेळ, पैसे, जागा यांबद्दल त्याला काही विचारायचं नसतं. आपल्या बोटांत ती खास गोष्ट आहे की नाही, हे कुणीतरी जाणत्यानं लवकर सांगून टाकावं आणि नसेल तर हौस वेळीच आवरती घेता यावी, एवढीच त्याची अपेक्षा असते.

पुढची सगळी प्रकरणं म्हणजे या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे. थोडक्यात हवं असेल तर ते असं: चाकावर बसल्यावर पहिली काही वर्षं प्रतिभेला करण्यासारखं कामच नसतं. ती असते, पुढे तिचा उपयोगही होतो. पण मातीचा गोळा चाकाच्या मध्यावर आणून स्थिर ठेवता येईपर्यंत प्रतिभावान आणि सामान्य दोघांचीही मडकी सारखीच वाकडी होतात.

आपल्याकडे याबद्दल दोन समजुती आहेत. शहरातल्या माणसाला वाटतं, ही कला आहे आणि कला म्हणजे देणगी. गावात म्हणतात, ते रक्तातच असावं लागतं, कुंभाराच्या पोराला काय शिकवायचं? वरवर या समजुती वेगळ्या दिसतात, पण दोन्हींमुळे एकच गोष्ट झाकली जाते, ती म्हणजे मेहनतीचे तास. बलुतेदारीत तर ही झाकपाक सोयीचीच होती. जे जन्मानंच येतं त्याचं मोल कशाला द्यायचं?

रक्ताच्या समजुतीची खरी परीक्षा दिल्लीच्या उत्तम नगरमधल्या कुंभारवस्तीत झाली. १९८०च्या दशकात व्हॅलेंटाइन रू या फ्रेंच पुरातत्त्वज्ञ आणि त्यांच्या सहकारी डॅनिएला कॉर्बेटा यांनी तिथल्या प्रजापती कुटुंबांत मुलं चाक कशी शिकतात याचा बारकाईनं अभ्यास केला. १९८९ साली त्यावरचं त्यांचं पुस्तक आलं. त्यांचा निष्कर्ष असा की चाकावर मोठी भांडी आत्मविश्वासानं ओढण्याइतकी हातोटी यायला दहाएक वर्षं लागतात. ही मुलं कुंभारांच्या घरात जन्मलेली, चाकाच्या आवाजात वाढलेली. तरीही दहा वर्षं. सुरुवात पणतीसारख्या, झाकणीसारख्या बुटक्या वस्तूंपासून होते आणि उंची एकेका टप्प्यानं वाढत जाते. मधला टप्पा कुणालाही ओलांडून जाता येत नाही, कारण प्रत्येक उंचीला दोन्ही हातांचं आपसातलं नातं बदलतं.

महाराष्ट्रातल्या कुंभारवाड्यांत हे टप्पे सणांच्या कामातच बसवलेले असत. संक्रांतीला सुगडं, मग उन्हाळ्याचे माठ आणि रांजण, अक्षय्य तृतीयेला (खानदेशात आखाजीला) घागरी, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या आणि लक्ष्मीपूजनाची बोळकी. पोरानं पणत्यांपासून सुरुवात करायची आणि त्या शेकड्यांनी करायच्या. एका मोठ्या गोळ्याच्या टोकाला पणती ओढायची, दोऱ्यानं कापून बाजूला ठेवायची, लगेच दुसरी. त्यात त्याला कुणी ‘सराव कर’ असं सांगत नसे; बाजाराला माल हवा असे. शिकणं आणि कमावणं वेगळं नसल्यामुळे कंटाळा आला म्हणून थांबायचीही सोय नव्हती. आज शहरातल्या स्टुडिओत महिन्याची फी भरून येणाऱ्या शिकाऊ माणसाकडे सगळं काही असतं, फक्त अशी मागणी नसते. ती त्याला स्वतःच निर्माण करावी लागते.

चाकावर प्रत्यक्ष घडतं ते काय, हेही इथं सांगायला हवं, नाहीतर ‘सराव करा’ हा उपदेश पोकळ ठरतो. मळलेला गोळा चाकावर आपटला की तो कधीच नेमका मध्यावर बसत नाही. चाक फिरू लागलं की त्याचा फुगीर भाग प्रत्येक फेऱ्याला तळहाताला धक्का देतो. नवख्याचा हात त्या धक्क्याबरोबर हलतो, म्हणजे माती हाताला वळण लावते. कोपर मांडीला किंवा कमरेला टेकवून, खांदा सैल ठेवून, अंगाचं वजन हातावर आणलं की उलटं होतं: हात स्थिर राहतो आणि फुगीर भाग दबतो. स्टुडिओत याला सेंटरिंग म्हणतात. मग अंगठ्यांनी गोळा उघडणं, बूड दाबून घेणं, आणि आतल्या-बाहेरच्या बोटांच्या चिमटीत भिंत वर ओढणं. पाणी कमी पडलं तर बोटं मातीला ओढतात आणि ती पिळवटते. जास्त झालं तर भिंत मऊ होऊन बसते. हात काढताना झटका बसला तर तिथंच खळगा पडतो. हे सगळं मी चार ओळींत सांगितलं, वाचणाऱ्याला ते समजलंही असेल, पण त्या समजण्यानं चाकावर जवळपास काहीच फरक पडत नाही. दाब किती, हे दाबणाऱ्या बोटालाच कळावं लागतं, आणि तेही भिंत बसायच्या क्षणभर आधी.

ज्वारीची भाकरी थापणाऱ्या बाईचं उदाहरण घ्या. जुन्या पिठाची विरी गेली असेल तर ती उकळतं पाणी घेते, नवं पीठ असेल तर हात आवरता घेते, आणि परातीत भाकरी फिरवताना कडा कुठं जाड राहिली ते न पाहता तिला कळतं. तिला कुणी ‘तुम्हांला काय उपजत देणगी आहे हो’ असं म्हणत नाही, कारण ती रोज दोन वेळा भाकऱ्या करते हे सगळ्यांना दिसतं. कुंभाराचा हातही त्याच जातीचा आहे. फरक इतकाच की त्याचे रोजचे तास गिऱ्हाइकाला दिसत नाहीत.

चाकाची जात बदलली की हाताची सवयही बदलते. आपलं जुनं चाक जड, खुंटीवर फिरणारं, काठीनं गती दिलेलं. काठी बाजूला ठेवली की वेग उतरू लागतो, म्हणजे गोळा बसवण्याचं जोराचं काम आधी उरकायचं आणि काठ नीट करण्याचं नाजूक काम उतरत्या वेगावर करायचं. विजेच्या चाकावर पायाखाली वेग असतो, तो हवा तेव्हा वाढवता येतो. खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं २०१८पासून कुंभार सशक्तीकरण योजनेत अशी चाकं वाटली. पाठीचे आणि खांद्याचे कष्ट त्यामुळे खरोखर कमी झाले, आणि जुन्या चाकाच्या आठवणीनं उसासे टाकणाऱ्यांनी आधी ते काठीनं फिरवून पाहावं. तरी ज्यांनी उतरत्या वेगाचा हिशेब अंगात मुरवला होता, त्यांना नव्या चाकावर पुन्हा काही दिवस अडखळावं लागलंच.

२०१३ साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात एनोरा गँडन आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. त्यांनी फ्रेंच आणि भारतीय कुंभारांना चाकावर सारख्याच आकारांची भांडी करायला लावली आणि त्यांच्या हातांच्या स्थिती नोंदवल्या. दोन्हीकडची बोटांची ठेवण पुष्कळच वेगळी निघाली. भांडी मात्र तुलनेला सारखी उतरली. मला यातून दिसतं ते असं, की ‘कुंभाराचा हात’ म्हणून निसर्गानं घडवलेली एखादी ठेवण नसते. ज्या वस्तीत शिकलो तिथल्या हातांचं पाहून पाहून आपला हात घडतो. तुमची बोटं आखूड आहेत की लांब, हा प्रश्न त्यामुळे बाजूला ठेवायला हरकत नाही.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. पुढचा मुद्दा मात्र अनेकदा निसटतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मातीकामात नुसते पुष्कळ तास पुरत नाहीत, ते तास सलग दिवसांवर पसरलेले असावे लागतात. याचं कारण शिस्तीबिस्तीत नाही, मातीच्या वाळण्यात आहे.

आज ओढलेलं भांडं उद्या किंवा परवा चामड्यासारखं घट्ट होतं. तेव्हाच ते उलटं ठेवून बूड छिलायचं, म्हणजे ट्रिमिंग करायचं. विदर्भात मे महिन्यात ही वेळ काही तासांत येऊन निघून जाते; कोकणात श्रावणात चार दिवस वाट पाहावी लागते. कपाला कान लावायचा तर कप आणि कान दोन्ही सारखेच ओलसर हवेत, नाहीतर वाळताना एक जास्त आकसतो आणि सांधा सुटतो. मग प्लास्टिकखाली सावकाश वाळवणं. मग पहिली भाजणी. त्यात शंभर अंशांच्या आसपास उष्णता घाईनं वाढवली तर आत राहिलेल्या पाण्याची वाफ होऊन भांडं फुटतं, साधारण ५०० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या घडणीतलं पाणी सुटतं, आणि ५७३ अंशांना त्यातल्या गारेची, म्हणजे क्वार्ट्झची, रचना बदलून ती एकदम फुगते. कुंभाराच्या उघड्या आव्यातलं, म्हणजे भट्टीतलं, भांडं इथून थोडंच वर जाऊन थांबतं. स्टुडिओत ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, लावून पुन्हा भाजायचं असतं, स्टोनवेअर असेल तर १२०० अंशांच्या वर. ओल्या मातीपासून इथपर्यंत भांडं दहा-बारा टक्के लहान झालेलं असतं.

म्हणजे आज केलेली चूक तीन-चार आठवड्यांनी डोळ्यांसमोर येते. बुडाला उमटणारी एस आकाराची चीर हे नेहमीचं उदाहरण. गोळा उघडल्यावर बूड बोटांनी नीट दाबून घेतलं नाही, की ती पडते. पण ती दिसते वाळल्यावर किंवा भाजल्यावर. जो रोज तासभर बसतो त्याला त्या भांड्याचा दिवस, त्या दिवशीची माती, हातातली घाई अंधूक का होईना आठवते, आणि मधल्या काळात त्यानं आणखी भांडी केलेली असल्यामुळे तुलना करता येते. जो महिन्यातून एक अख्खा रविवार देतो, त्याच्यासाठी ती चीर म्हणजे निव्वळ दुर्दैव. त्याची भांडी इतर कुणीतरी झाकलेली, इतर कुणीतरी छिललेली, इतर कुणीतरी भाजलेली असतात. त्यानं तास भरपूर दिलेले असतात, पण एकही भांडं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेलं नसतं. अशा माणसानं ‘माझ्यात ते नाहीच’ असं म्हणून चाक सोडावं, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. दोष त्याच्या हाताचा नव्हता.

सरावाचा विषय निघाला की एक गोष्ट हटकून सांगितली जाते. वर्गाचे दोन भाग केले, एकाला संख्येवर गुण, दुसऱ्याला एकाच उत्तम भांड्यावर. आणि उत्तम भांडी संख्यावाल्यांनीच केली. डेव्हिड बेल्स आणि टेड ऑरलंड यांच्या ‘आर्ट अँड फिअर’ या पुस्तकातून ती जगभर गेली. तिची मूळ घटना मातीकामाच्या वर्गातली नव्हतीच. जेरी उएल्समन या छायाचित्रकाराच्या फोटोग्राफीच्या वर्गातली होती, असं ऑरलंड यांनीच पुढे सांगितलं. गोष्ट छान आहे, पण तिच्यात माती नाही, म्हणून वाळण्याचा काळही नाही. नुसत्या संख्येचा उपदेश मातीकामाला अर्धाच लागू पडतो.

जपानमधल्या माशिको या कुंभारगावातलं उदाहरण मला जवळचं वाटतं. मिनागावा मासु नावाची एक बाई तिथं चहाच्या किटल्यांवर डोंगर-पाण्याची चित्रं रंगवत असे. लहान वयात ती या कामाला लागली आणि म्हातारपणापर्यंत तेच करत राहिली. दिवसाला पाचशे ते हजार किटल्या तिच्या हाताखालून जात, असं सांगतात. लोककलेची बाजू मांडणाऱ्या यानागी सोएत्सु यांना अशा चित्रांत मोठं सौंदर्य दिसलं. हजारो वेळा तेच केल्यानं ‘मी’ गळून पडतो आणि ब्रश आपोआप चालतो, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. पण त्या बाईला नगावर पैसे मिळत असणार, आणि ब्रशच्या त्या वेगामागे पोटाची निकडही असणार, हे यानागींच्या लेखनात जरा फिकट होऊन येतं. दारिद्र्यातून आलेल्या सरावाला अध्यात्माचं वस्त्र घालण्याची सवय आपल्यालाही आहे, म्हणून इतकं म्हटलं.

त्याच माशिकोत शोजी हामादा यांनी भट्टी बांधली. मोठ्या थाळीवर ते पळीनं ग्लेझचा एक ओघळ टाकत, काही सेकंदांत काम संपे. इतक्या कमी वेळात? असं कुणीतरी विचारलं, तेव्हा त्या सेकंदांत मागची साठ वर्षं मोजायला ते विसरले नाहीत. त्यांचे मित्र बर्नार्ड लीच हे तर चित्रकलेचं शिक्षण घेतलेले, रेषेवर चांगली हुकूमत असलेले. १९११ साली जपानमध्ये एका मैफलीत त्यांनी तयार भांड्यावर चित्र काढलं, ते तिथंच भाजून हातात आलं आणि ते या कामाच्या नादी लागले. रेषेचं कसब मात्र चाकावर उपयोगी पडेना. त्यांना सहावे केन्झान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वृद्ध कुंभाराकडे जाऊन पहिल्यापासून शिकावं लागलं. १९२०मध्ये लीच आणि हामादा यांनी इंग्लंडमधल्या सेंट आइव्हजला भट्टी उभारली. पुढे तिथं येणाऱ्या शिकाऊ मंडळींना रोजच्या वापराचे ठरावीक मापाचे वाडगे, कप, सुरया वारंवार करायला बसवत. स्वतःची शैली शोधायला आलेल्या अनेकांना ते रुचत नसे.

मराठी वाचकाला यासाठी सेंट आइव्हजला जायची गरज नाही. तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपल्याला पाठ आहे. संतमेळ्यात मुक्ताबाई त्यांना कोण कच्चं, कोण पक्कं ते पाहायला सांगते. गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत जातात आणि नामदेवांना कच्चं ठरवतात. कीर्तनात या कथेचा भर गुरूच्या गरजेवर असतो, आणि नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे जातात. मला त्यातलं कुंभाराचं ज्ञान मोलाचं वाटतं. थापटण्यानं वाजवून भांडं जोखणं हे रोजचं काम आहे. चीर गेलेलं भांडं बदबद वाजतं, नीट भाजलेलं खणखणतं. बोटांसारखाच कानही शेकडो भांडी वाजवून तयार होतो. आणि कच्चा निघाला तो कोण? देवाशी बोलणारा, त्या मेळ्यातला सर्वांत लाडका भक्त. गोरोबांनी त्याच्या लाडकेपणाकडे पाहिलं नाही, आवाजाकडे पाहिलं.

मग प्रतिभा कुठं येते? येते, पण उशिरा. हात बसल्यावर दोन माणसं सारख्याच सफाईनं माठ ओढतात आणि एकाच्या माठाचा गळा असा काही वळतो की नजर तिथंच थांबते. ग्लेझ कुठवर लावायचं आणि कुठं माती उघडी सोडायची, हे काहींना इतरांआधी दिसतं. हा फरक खरा आहे आणि सरावानं तो पूर्ण मिटतो असा दावा मी करणार नाही. पण पाहण्याचीही सवय लावता येते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जोर्वे संस्कृतीची भांडी आहेत. साडेतीन हजार वर्षांपूर्वी संगमनेरजवळच्या जोर्व्यात, इनामगावात, दायमाबादला चाकावर घडवलेली ही तांबडी, काळ्या रेषांची भांडी पाहा. पातळ अंगाची आणि चांगली भाजलेली आहेत. वाजवली तर धातूसारखा नाद देतात, असं उत्खनन करणाऱ्यांनी नोंदवून ठेवलं आहे. तोटीचा सांधा पोटाला जिथं भिडतो तिथं थोडा वेळ थांबा. तो सांधा नीट बसण्याआधी त्या कुंभाराच्या किती तोट्या गळून पडल्या असतील, हे स्वतः एकदा तोटी लावून पाहिलेल्या माणसाला आपोआप सुचतं. तेरचं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयही असंच वेळ काढून पाहण्यासारखं आहे.

आता या पुस्तकाबद्दल. प्रकरणं टप्प्यांच्या क्रमानं आहेत आणि ती त्याच क्रमानं घ्यावीत. आठवड्यातून चार-पाच दिवस तासभर बसणं जमेल, असं धरून सगळं लिहिलं आहे. त्यापेक्षा कमी जमत असेल तर एका वेळी थोडीच भांडी करा, पण त्यांचं छिलणं, वाळवणं, भाजणं स्वतः पाहा. शक्य असेल तर एखाद्या कुंभारवाड्यात जाऊन नुसतं बसा. मुंबईकरांना धारावीचा आहे, गोव्यात डिचोलीला आहे, आणि बेळगावजवळ खानापूरला ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे. काम चालू असताना प्रश्न विचारू नका. चहाच्या वेळी विचारा.

सुरुवातीची भांडी जपून ठेवू नयेत. ओढून झालेलं भांडं तारेनं उभं कापा आणि भिंतीची जाडी पाहा: खाली जाड आणि वर पातळ असेल, तशी सगळ्यांचीच असते. मग ते बादलीत टाका. न भाजलेली माती पाण्यात विरघळून पुन्हा तशीच वापरता येते, त्यामुळे भट्टीत जाईपर्यंत चुकीची किंमत जवळजवळ शून्य आहे. इतकी उदार सामग्री दुसऱ्या कुठल्या कामात मिळते, मला माहीत नाही. मात्र वाळलेल्या मातीचा चुरा कधीही कोरड्या केरसुणीनं झाडू नका. त्यातली बारीक सिलिका फुप्फुसात जाते. ओल्या फडक्यानं पुसा. ही सवय पहिल्या दिवसापासून लागली तर बरं.

पहिल्या प्रकरणात चाक नाही, त्याबद्दल नाराज होऊ नका. त्यात माती भिजवणं, गाळणं, तुडवणं आणि मळणं एवढंच आहे. कारण मळताना राहिलेला हवेचा बुडबुडा भिंत ओढताना नेमका बोटाखाली येतो, आणि तिथं सफाईदार हातही हुकतो. मळलेला गोळा तारेनं मधोमध कापा. कापलेल्या बाजूला एकही भोक दिसलं नाही, की दुसरं प्रकरण उघडा.